मावशींनी बरोबरच दाबलं होतं

गेल्या वर्षीच्या माघातला गुरुवार. सोलापूर. मंगल कार्यालयात हजर: नवरी प्राजक्ता, तिचे वडील — ज्यांना सगळी भवानी पेठ अण्णा म्हणते — तिचा धाकटा भाऊ महेश, कॅमेऱ्यावर माझा नवरा, लॅपटॉपवर मी. दवाखान्यात हजर: प्राजक्ताची आई सुनंदावहिनी, आणि त्यांच्या उशाशी त्यांची धाकटी बहीण, केमच्या सुमनमावशी.

अशी हजेरी मी प्रत्येक कामाआधी लिहिते. कोण कुठे उभं राहणार, कुणाचा फोन कुणाकडे, कोणती वायर कुठून. सवय आहे. पण त्या दिवशी काय घडलं ते मी कुठे लिहिलेलं नाही आणि कुणाला बोललेलेही नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगते आहे — आणि बघा, सांगायला बसले तरी आधी माणसांची नावं ओळीने लावून घेतली. मुद्द्याला हात घालायचा नसला की मी असंच करते.

आमचा पेठेत फोटो स्टुडिओ आहे. फोटो नवऱ्याचे, बाकी सगळं माझं. गेल्या काही वर्षांपासून आम्ही लग्नं ‘लाइव्ह’ दाखवतो. पत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोनी कोड छापतात; तो मोबाइलने टिपला की पुण्यात, दुबईत, जिथे असाल तिथे बसून अक्षता बघता येतात. आमच्या भागात आता पत्रिका हातात पडली की लोक आधी तो कोपरा बघतात, मग मुहूर्त.

यातलं एक कळलं पाहिजे, नाहीतर माझा गुन्हा नीट समजणार नाही. कॅमेऱ्याचं चित्र माझ्या लॅपटॉपवर येतं, तिथून इंटरनेटवर जातं. पण ते गावोगावच्या मोबाइलपर्यंत नेऊन पोचवायचं काम मधली एक कंपनी करते. भाजी शेतात कितीही पिकली तरी मंडईत आणायला टेम्पो लागतो — तसा हा टेम्पो. आमचा टेम्पो परदेशातला होता. आणि त्या कंपनीचं दिवाळं निघालं.

मला माहीत नव्हतं का? होतं. तेच तर सांगायचं आहे. दिवाळीनंतर मेल यायला लागले होते. कंपनी बंद होते आहे, अमुक तारखेच्या आत दुसरीकडे हलवा. एकदा ती तारीख पुढे ढकलली, त्याचाही मेल आला. आमची वेबसाइट ज्यांनी बनवली त्या पुण्याच्या मुलीने तर फोन करून सांगितलं, “मॅडम, हलवून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे. फक्त जुन्या लिंक चालणार नाहीत, नवीन द्याव्या लागतील.”

जुन्या लिंक चालणार नाहीत. म्हणजे काय? म्हणजे त्या हंगामातल्या सगळ्या पत्रिकांवर छापलेले कोड वाया. आणि पत्रिका तर छापून, हळद-कुंकू लावून, देवापुढे ठेवून वाटूनही झाल्या होत्या. एकेका घरी जाऊन सांगायचं का, की तुमच्या पत्रिकेवरचा कोपरा खोटा ठरला? मला ती कल्पनाच सहन होईना. भवानी पेठेत माझं नाव आहे ते ‘त्यांच्याकडे कधी घोळ होत नाही’ म्हणून. मी विचार केला, एकदा तारीख पुढे गेली म्हणजे पुन्हाही जाईल. एवढी मोठी कंपनी काय एका रात्रीत दिवा विझवल्यासारखी विझणार आहे? लग्नसराई उरकू दे, मग बघू.

मी — जी लोकांना आठवड्याआधी बॅटरी चार्ज करायला सांगते — मी हे काम बाजूला ठेवलं.

आता सुनंदावहिनी. आमच्या घरापासून चार दारं सोडून त्यांचं घर. संक्रांतीला भरलेली गड्ड्याची यात्रा उठली आणि त्यांना दम लागायला लागला. फुप्फुसात पाणी झालं होतं. दवाखान्यात ठेवलं. लग्न तोंडावर आलेलं. अण्णा पुढे ढकलायला तयार होते, पण वहिनींनी ऐकलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मी फोन लावून द्यायला दवाखान्यात गेले तेव्हा नाकावरची नळी बाजूला करत त्या मला म्हणाल्या, “जेवणं नकोत, मानपान नको. मला तेवढ्या अक्षता दाखव. तिच्या डोक्यावर पडलेल्या दिसल्या, बास.”

सुमनमावशी शेजारी स्टुलावर बसलेल्या. केमला त्यांची शेती, दोन म्हशी. बहिणीसाठी सगळं सोडून येऊन राहिल्या होत्या. मोठ्या फोनला त्यांनी तोवर हात लावला नव्हता. मी महेशचा जुना फोन त्यांच्या हातात दिला, लिंक उघडून दाखवली, आधीच्या एका लग्नाचा व्हिडिओ लावला. तो लगेच सुरू झाला. वहिनी हसल्या. मावशींनी पदराला बोट पुसून स्वतः करून बघितलं.

“ह्ये निळं दाबायचं. मग थांबायचं. मग मधी त्रिकोन येतुय, त्येच्यावर दाबायचं. व्हय की न्हाय?”

“बरोबर.”

“थांबा, परत एकदा करती. तुमी गेल्यावर आमी कुणाला इचारायचं?”

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा बरोबर. मग तिसऱ्यांदा. वहिनी म्हणाल्या, “सुमे, झिजंल ती काच.” त्यावर मावशी म्हणाल्या, “झिजू दी, तुझ्या भाच्याचाच हाय.” “माझा लेक हाय त्यो, भाचा तुझा,” वहिनी म्हणाल्या, आणि दोघी बहिणी अशा हसल्या की नर्स आत डोकावली. मीही हसले. तो शेवटचा हसण्याचा प्रसंग, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

लग्नाच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे सगळं तपासलं. लॅपटॉपवर चित्र स्वच्छ. पण लॅपटॉपवरचं चित्र म्हणजे माझंच मला दिसणं. ते बाहेर पोचतंय का हे त्यावरून कळत नाही. म्हणून मी दरवेळी मुहूर्ताआधी कार्यालयाच्या बाहेर, गाड्या लावतात तिथे जाऊन, माझ्या मोबाइलवर लिंक उघडून बघते. त्या दिवशीही गेले. निळं दाबलं. गोल फिरायला लागलं. फिरतच राहिलं.

बंद करून पुन्हा उघडलं. जुन्या लग्नांचे व्हिडिओ लावून बघितले. सगळीकडे तेच गोल. तेव्हा कळलं, की टेम्पो थांबला. माझ्या एकटीसाठी नाही. जगभर जिथे जिथे त्या कंपनीचं काम चालत होतं तिथे तिथे. पण माझ्या डोळ्यापुढे जग नव्हतं. दवाखान्यातली एक खाट होती.

आत आले. अक्षतांच्या परड्या फिरायला लागल्या होत्या. मी अण्णांना सांगणार होते — खरंच सांगणार होते, त्यांच्या दिशेने चार पावलंही टाकली. तेवढ्यात अण्णांनीच मला विचारलं, “लागलं का तिकडं? बघतीय का ती?”

आणि मी म्हणाले, “हो.”

का म्हणाले? मला आजही नेमकं उत्तर देता येत नाही. तोंडातून गेलं. मला वाटलं, दोन मिनिटांत काहीतरी जुळवते, तोवर कशाला त्यांचा जीव खाली-वर. पण अण्णा तसेच वळले आणि भटजींच्या हातातला माइक घेऊन म्हणाले, “आमच्या घरची लक्ष्मी दवाखान्यातनं लेकीच्या अक्षता बघतीय, सगळ्यांनी तिच्यासाठी आशीर्वाद द्या.” कार्यालयभर टाळ्या झाल्या. प्राजक्ताने अंतरपाटामागून कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हात जोडले. कॅमेऱ्याकडे बघून — आईकडे म्हणून.

माझ्या फोनवर मेसेज यायला लागले. पत्रिकेवर माझाच नंबर असतो. पुण्याहून एका काकांचा: सुरू होत नाहीये. दुबईहून कुणाचा तरी: नुसतं फिरतंय. मी एकेकाला उत्तर दिलं — तुमच्याकडे नेट स्लो दिसतंय, पान पुन्हा उघडून बघा. सगळ्यांचं एकाच वेळी बंद आहे हे फक्त मला माहीत होतं. त्यांच्यापैकी प्रत्येकाला वाटत होतं, आपलंच काहीतरी बिघडलंय. त्यांना तसं वाटू देणं किती सोपं होतं म्हणून सांगू!

मग मावशींचा फोन आला.

पहिलं मंगलाष्टक सुरू झालं होतं. मी खांबाआड गेले. “आवो ताई, नुस्तं गोल फिरतंय वो. त्रिकोन येतच न्हाय.”

मी काय म्हणायला हवं होतं? तुम्हाला एका क्षणात सुचेल. मलाही सुचलं होतं. फोन चालू होता, दवाखान्यात नेट होतं, माझ्या हातात कॅमेऱ्याचा मोबाइल होता. हाच फोन ठेवून व्हॉट्सॅपवर व्हिडिओ कॉल लावायचा आणि मोबाइल स्टेजकडे धरायचा. एवढंच. चित्र हललं असतं, आवाज तुटला असता, पण अक्षता दिसल्या असत्या. माझा अंगठा त्या बटणावर होता हे मला लख्ख आठवतं.

पण मी हात वर करून मोबाइल धरून उभी राहिले असते तर अण्णांना दिसलं असतं. महेशला दिसलं असतं. मघाशी टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्या कार्यालयाला दिसलं असतं, की लिंक चालू नाही आणि ही ‘हो’ म्हणाली ते खोटं होतं. मी अंगठा काढून घेतला.

“मावशी, परत दाबा,” मी म्हणाले.

“दाबलं.”

“बंद करून परत उघडा.”

“उगडलं. गोलच हाय.”

“घाई करू नका, थांबा जरा. येईल.”

येणार नव्हतं. मला माहीत होतं की येणार नाही. मी त्या बाईला दाबायला लावत राहिले आणि माझ्या पाठीमागे भटजी ‘शुभमंगल’ म्हणत राहिले. फोनमध्ये मावशींच्या मागून वहिनींचा आवाज आला, दमाने तुटलेला — “लागलं का गं?” मावशी म्हणाल्या, “आलं, आलं, थांब.” वाजंत्री वाजली. आमच्याकडे अक्षता पडल्या. कानाशी पुन्हा तोच आवाज — “लागलं का?”

मी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी वहिनींना जास्त झालं. व्हेंटिलेटर लावला. त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. दोन-तीन दिवसांत गेल्या. मी मात्र लग्नाच्याच दिवशी घरी येऊन दुसऱ्या कंपनीकडे सगळं हलवलं. अर्ध्या दिवसाचं काम होतं, तेवढाच वेळ लागला. नवीन लिंक सगळ्यांना पाठवली, खाली लिहिलं, ‘अधिक स्पष्ट चित्रासाठी’. लोकांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर कोपऱ्यात बातमी होती, परदेशी कंपनी बंद पडल्याने काही संकेतस्थळांची सेवा विस्कळीत. अण्णांच्या घरी तो पेपर येतो. पण त्या घरात तेव्हा पेपर कोण वाचणार होतं?

इथवर जे सांगितलं त्याला निष्काळजीपणा म्हणा, भित्रेपणा म्हणा. याच्या पुढचं वेगळं आहे.

वहिनींच्या दहाव्यानंतर भेटायला गेले होते. घर माणसांनी भरलेलं. कुणीतरी सहज म्हणालं, निदान लेकीच्या अक्षता बघून गेली. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या सुमनमावशी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “न्हाय बघितल्या. लागलंच न्हाय.”

प्राजक्ताने मान वर केली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. महेशने विचारलं, “ताई, तुम्ही तर चालू आहे म्हणाला होतात?”

अजूनही वेळ होती. तिथेच बोलता आलं असतं. मी म्हणाले, “आपल्याकडून चालू होतं.” तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण सगळे माझ्याकडेच बघत होते, म्हणून मी पुढचं वाक्य बोलले. ते दुसऱ्या कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. ते माझं आहे. मी म्हणाले —

“मावशींना सवय नाही ना फोनची. घाईत काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असेल.”

मावशींनी वाद घातला नाही. तीच तर गोष्ट आहे. त्यांनी लगेच मान डोलावली. “व्हय. आसंल. मला अडानीला काय कळतंय.” मला माझ्या चुकीची होती तेवढीच त्यांना खात्री होती, की चूक त्यांचीच. प्राजक्ता उठून आत निघून गेली. त्या दिवसानंतर ती मावशींशी नीट बोलली नाही, हे मला पेठेतून कळत राहिलं. माहेरपणाला केमला जायची ती गेली नाही. मावशींनी पाठवलेलं तूप परत गेलं, असंही ऐकलं. मी ऐकत राहिले. कामं करत राहिले. पत्रिकांचे नवे कोड वेळेवर देत राहिले.

यंदा प्राजक्ताला मुलगी झाली. बारशाचं शूटिंग आमच्याकडेच. इतकं सगळं होऊनही त्या घराने मला सोडलं नाही, उलट अण्णा म्हणाले, वहिनींचं शेवटचं काम तुम्ही मनापासून केलंत. सुमनमावशी आल्या होत्या. बोलावलं होतं की स्वतःहून आल्या, माहीत नाही. भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाळण्याभोवती बायकांची गर्दी झाली तेव्हा महेशच्या नव्यानेच घरात आलेल्या बायकोने आपला फोन मावशींपुढे धरला — “मावशी, तेवढा आमचा एक फोटो काढा ना.”

मावशींनी दोन्ही हात पाठीमागे नेले. लहान पोर चोरी लपवतं तसे. “नगं गं बाई. माझा हात लागला की बंद पडतंय.”

महेशचा एक चुलतभाऊ हसून म्हणाला, “मावशीच्या हातात लई करंट हाय. जपून ऱ्हावा, पाळना बंद पडंल.”

बायका हसल्या. मावशीही हसल्या, सगळ्यांच्या आधी. प्राजक्ता हसली नाही. तिने पाळण्याची दोरी ओढली आणि तोंड फिरवलं. त्या दिवशी कॅमेऱ्यामागे मीच होते. मी ते चित्र घेतलं — मावशींचे मागे नेलेले हात. नंतर काढून टाकलं.

जेवणं झाल्यावर मी वायरी गुंडाळत होते. मावशी जवळ येऊन उभ्या राहिल्या. आजूबाजूला कुणी नाही बघून हळूच म्हणाल्या, “ताई, रागवू नगा. येक इचारायचं व्हतं. मी नेमकं काय चुकीचं दाबलं वो? म्हंजे, मी निळं दाबलं. मग थांबले. तुमी सांगितल्यालं तसंच केलं. मला रातच्याला झोप न्हाय लागत. आसं वाटतं, काय दाबलं त्ये कळलं तर बरं व्हईल.”

एक वर्षभर ती बाई मनात ते बटण पुन्हा पुन्हा दाबत होती. आणि तिला शिक्षा माफ करून नको होती. तिला फक्त स्वतःची चूक नेमकी समजून घ्यायची होती. जी तिची नव्हतीच.

मी काय उत्तर दिलं असेल? आपलीच माणसं म्हणून सांगते, मी हे सांगताना दोनदा उठून पाणी पिऊन आले. मी उत्तर दिलं. चांगलं सविस्तर दिलं. म्हणाले, “मावशी, बाजूला एक बारीक बटण असतं, फोन हातात धरताना ते दाबलं जातं. मग नेट बंद होतं. पुष्कळांचं होतं असं.”

त्यांनी माझा फोन हातात न घेता, लांबूनच वाकून ते बटण बघून घेतलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “ह्ये व्हय. आसं हाय तर.” आणि माझे आभार मानले.

ते आवाज कमी-जास्त करायचं बटण होतं. नेट बंद करणारं तसं कुठलंही बटण नसतं.

वहिनींना अक्षता दिसल्या नाहीत, ते आता कुणालाच बदलता येणार नाही. पण त्या का दिसल्या नाहीत हे दोन माणसांना कळायला हवं — केमला सुमनमावशींना, आणि प्राजक्ताला. आधी मावशींना. मला त्याचा क्रम माहीत आहे, शब्दही माहीत आहेत. फोनवर सांगायची सोय नाही. मावशी आता फोन घेतच नाहीत, घरच्यांनी कानाशी धरला तरी मान बाजूला करतात म्हणे. म्हणजे समोर जाऊन, त्यांच्या ओसरीवर बसूनच सांगावं लागेल. सकाळच्या गाडीने केमला जाऊन दुपारी परत येता येतं.

मी अजून गेलेले नाही.